शिट्टी कुणाकडे आहे?

शासनाला दरवर्षी शाळेची माहिती भरून द्यावी लागते. तीत एक रकाना असतो : खेळाचे मैदान आहे का? आम्ही दरवर्षी ‘होय’ भरतो. त्यात खोटं काही नाही. मैदान आहे, ते शाळेच्या वाट्याला येत नाही, एवढंच. पावसाळाभर त्यात पाणी. दिवाळीच्या आगेमागे भाताचे भारे. थंडीत टेनिस बॉल क्रिकेटचे सामने, ज्यांत विजेत्यांची ट्रॉफी यष्टिरक्षकापेक्षा उंच असते. मार्च उजाडला की लग्नांचे मांडव. मग मे महिन्यात कधीतरी चार-आठ दिवस मैदान अगदी मोकळं असतं, आणि तेव्हा शाळेला सुट्टी असते.

शाळा शहापूर आणि मुरबाड यांच्या मधल्या पट्ट्यात. कागदावर तालुका शहापूर. नाव सांगत नाही; मोठ्या सरांची निवृत्ती जवळ आली आहे आणि त्यांना पेन्शनची काळजी आहे. शहापूरवाले आम्हाला मुरबाडकडचे समजतात, मुरबाडवाले शहापूरकडचे. शहापूरला आसनगाव स्टेशन जवळ, त्यामुळे तिथला माणूस घड्याळ बघत बोलतो. मुरबाडला रेल्वे नाही. ती येणार आहे. कल्याण-मुरबाड रेल्वे ही आमच्या भागातली सर्वांत लांब पल्ल्याची शर्यत : सुरू होणार असं बऱ्याचदा जाहीर झालं, शेवटची रेषा अजून कुणाला दिसलेली नाही.

तर आमचे पीटीचे सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवे आले नाहीत. का आले नाहीत, याला ‘संचमान्यता’ म्हणतात. मी ती समजून घ्यायचा प्रयत्न केला. तिच्यापेक्षा फुटबॉलमधला ऑफसाइडचा नियम सोपा आहे. एक दिवस मोठ्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

‘सर, क्रीडा विभाग आजपासून तुमच्याकडे.’

‘सर, मी मराठी शिकवतो.’

‘मग? मैदानावर मराठीतच ओरडायचंय.’

‘पण मला खेळातलं काही कळत नाही.’

‘तुम्ही सहावीला कविता शिकवता ती नववीच्या पोरांना पाठ आहे. असा आवाज तालुक्यात नाही. आधीच्या सरांकडे बी.पी.एड. होतं, पण आवाज?’

यावर काय बोलणार? माझा आणि धावण्याचा संबंध एसटी पकडण्यापुरता. तोही एसटी उभी असेल तर. खुर्चीतून उठताना माझ्या तोंडून जो हुंकार निघतो त्यावर आमच्या स्टाफरूममध्ये घड्याळ लावतात. अशा माणसाच्या हाती डेडस्टॉक रजिस्टर आलं. त्यात सुंदर अक्षरात लिहिलं होतं : गोळे २, थाळी १, भाले ३, खो-खोचे खांब २, शिट्टी १.

मी शोधाला निघालो.

एक गोळा पोषण आहाराच्या खोलीत सापडला. खिचडीच्या पातेल्याचं झाकण वाफेने उडू नये म्हणून तो वर ठेवलेला. तिथे स्वयंपाक करणाऱ्या ताई म्हणाल्या, ‘सर, हा न्याल तर झाकणावर काय ठेवू? तुम्ही बसता का?’ ताईंशी वाद घालणारा माणूस दुपारी उपाशी राहतो. शेवटी तह झाला. सकाळी अकरापर्यंत गोळा क्रीडा विभागाचा, त्यानंतर पोषण आहाराचा. तेव्हापासून आमचे गोळाफेकपटू फेकलेला गोळा धुऊन, पुसून, पळत जाऊन परत देतात. दुसरा गोळा मोठ्या सरांचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अडकण होता. तो मागायची माझी हिंमत झाली नाही.

थाळी स्टाफरूममधल्या माठावर. एक भाला चिंचेखाली, चिंचा पाडायला. दुसरा कुंपणात. तिसऱ्यावर शेजारच्या आजींच्या दुधीभोपळ्याचा वेल चढला होता आणि वेलाला फुलं आली होती. ‘आता दुधी धरल्यावर न्या,’ आजी म्हणाल्या. खो-खोच्या दोन खांबांपैकी एक फाटकाला टेकू देत होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला दोन्ही भारताने जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मोठ्या सरांनी जोरदार भाषण केलं, खो-खो हा आपल्या मातीतला खेळ, आज दुपारीच खांब रोवा! रोवले. फाटक पडलं. फाटकातून गुरं आली. गुरांनी कडुनिंबाची सगळी रोपं खाल्ली, ज्यांची जगल्याची टक्केवारी त्याच आठवड्यात वर कळवायची होती. तिसऱ्या दिवशी खांब पुन्हा फाटकाला आणि आमच्या मातीतला खेळ मातीत.

राहिली शिट्टी. ती शाळेत नव्हती. शिपाईमामांना विचारलं.

‘शिट्टी कुणाकडे आहे?’

‘टँकरवाल्याकडे.’

इथे थोडं पाण्याचं सांगायला हवं. तानसा, भातसा ही धरणं आमच्या शहापूर तालुक्यात. एकट्या भातसाचं पाणी मुंबईची निम्मी तहान भागवतं. तानसाचं धरण १८९२चं, म्हणजे मुंबईला आमचं पाणी प्यायची सवय सव्वाशे वर्षांहून जुनी. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल लागला की बायका हंडे रांगेत लावून टँकरची वाट बघतात. टँकर आल्याचं कळावं म्हणून ग्रामपंचायतीने आधीच्या सरांकडून शिट्टी नेली होती. मी अर्ज लिहिला, पोच घेतली आणि पावसाळा लागल्यावर शिट्टी परत मिळवली. मैदानावर गेलो. नववीच्या मुलींना रेषेवर उभं केलं. छाती भरून शिट्टी फुंकली.

मुली धावल्या. पण त्यांच्या आधी आजूबाजूच्या घरांतून बायका धावल्या. डोक्यावर चुंबळ, कमरेवर कळशी. कुणीतरी ओरडलं, ‘पावसाळ्यात कसा काय आला गं टँकर?’ पण सवयच ती, पाय थांबेनात. ती शर्यत आम्ही अधिकृत धरली नाही. धरली असती तर पहिली आली असती नववीतली एक सडपातळ, गप्प पोरगी. आणि तिसरी आली असती तिची आई, दोन हंड्यांसह.

त्या बायकांनी मला जे ऐकवलं ते मराठीच्या शिक्षकानेही टिपून ठेवावं इतकं रसरशीत होतं. तेव्हापासून मी शिट्टी वाजवत नाही. तोंडानेच ‘सावधान, तयार, पळा’ म्हणतो. आवाज आहेच.

पोरं कधी पळवायची, हा पुढचा प्रश्न. वेळापत्रकात पीटीचा तास आहे, पण तो गणिताच्या बाईंचा राखीव साठा आहे. तास सुरू व्हायच्या आत त्या दारात उभ्या असतात.

‘सर, तुमचा तास घेऊ का? प्रमेय राहिलंय.’

‘मागच्या आठवड्यातही प्रमेयच राहिलं होतं.’

‘तेच राहिलंय.’

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ साली आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन आज्या धडे गिरवतात हे सगळ्या जगाने पाहिलं. मला त्या आज्यांचा हेवा वाटतो. त्यांच्या तासावर गणिताच्या बाई चाल करून जात नसतील.

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम कुणी ठरवला ते ठाऊक नाही; ज्याने ठरवला तो आमच्याकडे पावसाळ्यात आलेला नसावा. जुलैत आवणी जोरात. अर्धा वर्ग गुडघाभर चिखलात भात लावत असतो आणि हजेरीत ‘आजारी’ असतो. ऑगस्टमध्ये पोरं परत येतात तोवर चिखल शाळेत आलेला असतो. फक्की मारून रेषा आखावी, मान वर करावी तर रेषा ओहोळातून निघालेली. आम्ही एकदा फक्कीऐवजी भाताचा तूस टाकला. रेषा टिकली. कोंबड्या आल्या.

मग येतं परिपत्रक. व्हॉट्सअ‍ॅपवर, रात्री अकराला : उद्या सकाळी ९ वाजता संघांनी उपस्थित राहावे. सोबत ओळखपत्र, बोनाफाईड, आधार, जन्मदाखला. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील, त्यामुळे खेळापेक्षा वयाची चौकशी मोठी. आता आमच्या भागात वयाचं एक आहे. पूर्वी पोराला शाळेत घालायला आणलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आई सांगायची, आवणी चालली होती तेव्हाचा. गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. हल्ली दाखले मिळतात, तरी हाताला लागलेलं वळण जात नाही. आमच्या कबड्डीच्या संघात पाच जणांचा वाढदिवस १ जूनला. टेबलावरच्या साहेबांनी ओळखपत्रं पत्त्यांसारखी पिसली.

‘हे पाचही एकाच दिवशी जन्मले?’

‘हो साहेब.’

‘एकाच गावात?’

‘नाही, तीन गावांत.’

‘कमाल आहे. कुणाला पटेल का हे?’

‘साहेब, आपली जन्मतारीख?’ मी सहज विचारलं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पाचही ओळखपत्रांवर शिक्के मारले.

कबड्डीला वजनाचीही अट. आमचा मुख्य चढाईपटू काट्यावर चढला तो दोनशे ग्रॅम जास्त. कडं काढलं, करदोटा काढला, गंडा काढायला आजीची परवानगी हवी म्हणून फोन लावला. तरी काटा हलेना. पोराला मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या. पावसात भिजून आला, वजन आणखी वाढलं. शेवटी कुणीतरी त्याचा खिसा उलटा केला तेव्हा चिंचा निघाल्या. (पहिला भाला कशासाठी वापरला जातो ते वर आलंच आहे.) वजन बसलं. आदल्या संध्याकाळपासून उपाशी असलेल्या त्या पोराने मग सामना सुरू व्हायच्या आत इतके वडापाव खाल्ले की पहिल्याच चढाईत तो निदान रेषा ओलांडून थांबला आणि म्हणाला, ‘सर, वाकता येत नाय.’ सातही जणांनी मिळून त्याची पकड केली. तशी गरज नव्हती. तो बसलाच होता.

पण तिथवर आम्ही पोचलो कसे, ते सांगायचं राहिलं. त्या गप्प पोरीच्या वडिलांच्या टेम्पोने. टेम्पो वडिलांचा असला तरी खऱ्या अर्थाने तो बैलाचा. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना वाट मोकळी करून दिली आणि मे २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. तेव्हापासून आमच्या तालुक्यात खरी क्रीडासंस्कृती रुजली. दोन पायांच्या खेळाडूंना तिचा लाभ व्हायचा आहे. बैलाला दूध, अंडी, बदाम, सकाळी नदीत पोहणी, दुपारी मालीश, आठवड्याला ठरलेली विश्रांती. बैलाचा वाढदिवस, बैलाचं स्टेटस, बैलाच्या नावाचा टीशर्ट. बिनजोड शर्यत जिंकून आला की गुलाल. पोरीला चहा आणि बटर. कबड्डीच्या पोरांनी एकदा मला विचारलं होतं, सर, आपल्याला पुढच्या जन्मी खोंड होता येईल का?

मी वडिलांना भेटायला गेलो तेव्हा ते बैलाची शिंगं तेलाने पुसत होते.

‘पोरगी चांगली पळते. तिचा सराव सकाळी साडेसहाला ठेवलाय.’

‘सकाळी नाय जमायचं सर. सकाळी बैलाचा सराव असतो. तिला पळायला लागतं.’

‘तिला कशाला?’

‘मग बैल कुणाच्या मागं पळंल?’

ही पोरगी एवढी कशी पळते, हे मला पडलेलं कोडं सुटलं. पहाटे माळावर ही पोरगी पुढे पळते आणि मागून बैल येतो. क्रीडाशास्त्रात याला काय म्हणतात ते मला माहीत नाही, पण परदेशी प्रशिक्षकांना अशी सोय परवडणार नाही. मी सराव रद्द केला. मी सकाळी उठायचा वाचलो आणि शाळेला जिल्ह्यातला सर्वोत्तम प्रशिक्षक फुकटात मिळाला, त्याला चार पाय होते म्हणून काय झालं?

‘टेम्पो मात्र मिळेल ना?’

‘मिळंल की. त्याची बिनजोड रविवारी हाय. बुधवारी तो रिकामाच.’

बुधवारी आमचा सगळा संघ पेंढ्यावर बसून तालुक्याला गेला. उतरताच नोंदणीच्या टेबलावरून विचारणा झाली, ‘किन्हवली साइडचे का?’ मी विचारलं, कसं ओळखलंत? ते म्हणाले, ‘वारा तिकडून इकडे येतोय.’

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे यायचे होते. ते येईपर्यंत मशाल दोनदा विझली. तिसऱ्यांदा रॉकेल जास्त झालं आणि ती नुसती पेटली नाही, तर स्वागताच्या कमानीचा एक कोपराही तिने सोबत घेतला. पावसाने वेळेवर मदत केली. पाहुण्यांनी भाषणात खाशाबा जाधवांचं नाव घेतलं, योग्यच केलं, त्यांच्या जन्मदिनी १५ जानेवारीला आपण राज्य क्रीडा दिन पाळतो. पण १९५२च्या हेलसिंकीतलं त्यांचं कुस्तीचं कांस्यपदक पाहुण्यांनी त्यांना धावण्यात मिळवून दिलं, आणि त्या आनंदात ध्यानचंदांना क्रिकेटमध्ये नेलं. पोरं ‘विश्राम’मध्ये उभी होती. मागची रांग त्या स्थितीत झोपली.

मैदान सरळ ऐंशी मीटर होतं. शंभर मीटर धावणं घ्यायचं तर उरलेले वीस मीटर आंब्याला वळसा घालून. पहिल्या फेरीत दोन पोरं आंब्याच्या उजवीकडून गेली, दोन डावीकडून, आणि पलीकडे त्यांची समोरासमोर गाठ पडली. वेळ घ्यायला तीन सर, तिघांचे तीन मोबाइल. एकाच्या मोबाइलवर मधेच कर्ज हवंय का म्हणून फोन आला. त्यांनी ‘नको’ म्हणेपर्यंत पहिल्या क्रमांकाच्या पोराची वेळ एक मिनिट चार सेकंद झाली होती. मग तिघांनी बसून वेळ ठरवली. सर्वानुमते ती बारा पूर्णांक सहा झाली.

१७ वर्षांखालील मुलींची पंधराशे मीटर. फेरी दोनशे मीटरची, म्हणजे साडेसात फेऱ्या. धावपटूंना प्रेरणा द्यावी असं पुस्तकात वाचलं होतं, म्हणून मी आमच्या पोरीला कविता राऊतची गोष्ट सांगितली : नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी, २०१०च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. पोरगी लक्ष देऊन ऐकत होती.

‘दहा हजार म्हंजे किती फेऱ्या, सर?’

‘मोठ्या मैदानाच्या पंचवीस.’

‘मोजतं कोण?’

प्रश्न किती दूरदृष्टीचा होता ते पुढे कळलं. शर्यत सुरू झाली. ती पहिल्या दोन फेऱ्यांत कशीबशी, सगळ्यांच्या मधे. मी रेषेवरून ओरडलो, ‘जोर लाव!’ ती जाता जाता म्हणाली, ‘मागं कुणी नाय सर!’ मागे सहा मुली होत्या. त्या तिच्या हिशोबात नव्हत्या. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढच्या वळणाला ती आली तसा मी चार वर्गांना ऐकू जाणारा आवाज लावला : ‘आला! आला! शिंग खाली घालून आला!’

ती जी सुटली, ती सुटली. प्रेक्षकांतले दोघे-तिघे कुंपणावर चढले. पाहुणे खुर्चीवर उभे राहिले. बाकीच्या मुलीही पळत सुटल्या, त्यातली एक थेट मैदानाबाहेर. सगळी धांदल निवळेपर्यंत फेऱ्या मोजणारे सर आकडा विसरले.

‘सात झाल्या का साडेसात?’

‘मला वाटतं सहा.’

‘तिलाच विचारा.’

ती समोरून जात होती. म्हणाली, ‘झाल्या कवाच.’ पण नियम म्हणजे नियम. खात्रीसाठी तिला आणखी एक फेरी मारायला लावली. तीही तिने मारली आणि तरी पहिली आली.

कबड्डी हरलो, खो-खोला अकरापर्यंत संघच जमेना, गोळाफेक झाल्या झाल्या ताईंचा फोन आला, ‘सर, बारा वाजले. भात उतू चाललाय.’ पण पंधराशे मीटरला आम्ही जिल्ह्याला गेलो.

जिल्हा म्हणजे ठाणे ग्रामीण. शहरवाल्यांच्या स्पर्धा महापालिकावार वेगळ्या, ती एक सुटका. दुसरी सुटका शासनाने १ ऑगस्ट २०१४ रोजी केली. त्याआधी जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी हे सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं, आणि तिकडची काटक पोरं आमच्या शाळेला धावण्यात पहिल्या फेरीच्या पुढे कधी जाऊ देत नसत. पालघर जिल्हा वेगळा झाला आणि त्या एका दिवसात, एकही पोर न पळवता, आमची शाळा धावण्यात कितीतरी क्रमांकांनी वर आली. आधीच्या सरांनी त्या वर्षीच्या अहवालात ‘लक्षणीय प्रगती’ असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय.

त्या दिवशी टेम्पो नव्हता. बैल रविवारची बिनजोड जिंकून दुसऱ्या गावी सत्काराला गेला होता. मी, पोरगी आणि सोबत म्हणून तिची आई, असे आसनगावहून लोकलने निघालो. आसनगावला बसायला मिळालं. कल्याणला उतरणं ही मात्र स्वतंत्र क्रीडाप्रकारात मोडणारी गोष्ट. आई पुढे झाली, हंड्यांच्या रांगेत तयार झालेली कोपरं तिने कामाला लावली, पोरगी तिच्या मागून, आणि मी डोंबिवलीला उतरून परत आलो.

मैदानावर पोचलो तेव्हा ट्रॅकच्या कडेला एकच चपलांचा जोड नीट लावून ठेवलेला. विचारलं तर म्हणाली, ‘एवढं स्वच्छ हाय सर, चपला घालून कसं जायचं?’ इतर मुलींच्या पायांत खिळ्यांचे बूट होते. पंचांनी तिला बूट नाहीत का विचारलं, तिने चपला दाखवल्या. शर्यत लागली. मी शेवटच्या वळणावर उभा राहून बैल आणला. पोलीस आला. मी त्याला सगळं समजावून सांगेपर्यंत पोरगी पाच मिनिटं अठ्ठावीस सेकंदांत पहिली आली होती. शेवटचे शंभर मीटर तिची आईही कुंपणाबाहेरून समांतर पळाली. तिच्या वेळेची नोंद कुणी घेतली नाही.

गावात बातमी पोचली. मोठ्या सरांनी शाळा लवकर सोडली. पालकांनी मला रस्त्यात गाठून विचारलं, ‘पळण्याचे दहावीला किती मार्क मिळतात?’ सवलतीच्या क्रीडागुणांचा हिशोब मी सांगितला, तेव्हा एकाने आपल्या अभ्यासू मुलाला तिथल्या तिथे पळायला लावलं. गणिताच्या बाईही येऊन अभिनंदन करून गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, ‘तिचं प्रमेय मात्र राहिलं हं.’

सर्वांत आधी जागं झालं ते गावचं मंडळ. संध्याकाळीच ठरलं : फ्लेक्स लावायचा. मजकूर मी लिहून दिला. ‘जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत १५०० मीटर धावणे, प्रथम क्रमांक, आमच्या गावची शान हिचे हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांचे फोटो, ज्यांची संख्या धावपटूंपेक्षा जास्त होती, आणि संपर्कासाठी माझा नंबर. मधे मोठ्या गोलात तिचा फोटो टाकायचा होता. सरळगावच्या फ्लेक्सवाल्याने वडिलांना फोन केला, लवकर एक चांगला फोटो पाठवा, मशीन चालू आहे. वडिलांनी मोबाइल चाळला. त्यात होते तेवढ्यांतला सगळ्यांत चांगला, गुलाल लावलेला, उजव्या बाजूने काढलेला फोटो त्यांनी पाठवला.

सकाळी नाक्यावर फ्लेक्स लागला. मधल्या गोलात बैल.

फ्लेक्सवाल्याने ‘हिचे’चं ‘ह्याचे’ करून व्याकरणही जुळवून घेतलं होतं. मंडळाचं म्हणणं पडलं, पैसे गेलेत, राहू द्या. वडील म्हणाले, ‘फोटो बाकी झ्याक आलाय.’ पोरगी सायकल थांबवून वर बघत राहिली आणि म्हणाली, ‘सर, डावं शिंग कापलं गेलंय.’

दुपारी मी सहावीला कविता शिकवत होतो, म्हणजे नववीलाही शिकवत होतो, तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर, बदलापूरकडचा माणूस.

‘फ्लेक्स बघितला. पंधराशे मीटर एका दमात?’

‘हो, एका दमात.’

‘टाइम काय?’

‘पाच मिनिटं अठ्ठावीस सेकंद.’

पलीकडे जरा शांतता. ‘जरा कमीच पडतोय. आदत आहे का दुसा?’

‘नववीत आहे.’

‘नववी? हा कुठला गट काढलाय नवीन? दात बघितले का कुणी?’

‘आधार बघितलंय. जन्म १ जूनचा.’

‘अहो, आमचा पण १ जूनचाच,’ तो माणूस एकदम खुलला. ‘मग जमलं की! रविवारी टेम्पो घेऊन येतो. बिनजोड लावायची का?’

मी म्हटलं, मुलीच्या आईला विचारून सांगतो.